डेंजर, रिस्क, हॅझर्ड

नवी मुंबईच्या रोजच्या मराठीत रुळलेले धोकावाचक इंग्रजी शब्द. ‘डेंजर’ सर्वांत मोकळा: रोहित्रावरच्या कवटीच्या लाल पाटीवर तो दिसतो आणि बोलण्यात विशेषण झाला. ‘काय डेंजर पाऊस पडतोय’ यात भीती असते, तर ‘डेंजर खेळतो’ ही चक्क शाबासकी.

‘रिस्क’ घेतात किंवा टाळतात. ‘स्वतःच्या रिस्कवर गाडी लावा’ यात जबाबदारी झटकलेली असते. जुन्या ‘जोखीम’चा एक अर्थ मात्र त्यात उतरला नाही. ‘जवळ जोखीम आहे’ म्हणजे सोनेनाणे, पैसाअडका आहे. हा अर्थ जपायला हवा.

‘हॅझर्ड’ कारखान्याच्या फाटकाआड राहिला. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक (‘हॅझर्डस’) प्रक्रियांच्या तरतुदी आल्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कामगारांना हा शब्द सुरक्षा प्रशिक्षणातून परिचित आहे; रस्त्यावर मात्र हा धोका टँकरच्या फलकावरील अंकांतून कळतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ म्हणजे अमोनिया. असा टँकर कलंडलेला दिसल्यास जवळ जाऊ नये. क्रमांक दुरूनच वाचून अग्निशमन दलाला १०१ वर कळवावा.