कोयालीचं पेट्रोल आणि हालोलच्या दोन गाड्या



मागच्या महिन्यात कोणीतरी इथे खंडेराव मार्केटचा जुना फोटो टाकला होता, त्यात कडेला एक पांढरी ओपेल ॲस्ट्रा उभी होती. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. आमच्याकडेही तीच गाडी होती, 1998 ते 2023, पंचवीस वर्षं. ती देऊन आम्ही विजेवरची गाडी घेतली. यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण आमच्या घरात हा प्रश्न गाडीचा नव्हता, मिठाचा होता.

माझे सासरे, अण्णा, कोयालीच्या रिफायनरीत होते. 1965 साली लागले, 1996 ला निवृत्त झाले. त्याआधी आमच्या घरात दोन-तीन पिढ्या गायकवाडी नोकरीतल्या. कोणी दफ्तरात, कोणी शाळाखात्यात, तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल तसंच. संस्थान 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि 1 मे 1960 ला आपण गुजरातेत आलो. अण्णा तेव्हा कलाभवनात शिकत होते. कलाभवन म्हणजे सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये काढलेलं, पुढे युनिव्हर्सिटीत गेलं तरी जुनी माणसं कलाभवनच म्हणतात. दांडिया बाजारातल्या वाड्यात त्या वर्षी एकच चर्चा असायची म्हणे, की आता मराठी पोरांनी करायचं काय? काहींनी सरळ पुण्याची गाडी धरली.

आणि राज्य होऊन पुरते पंधरा दिवस झाले नाहीत तोच, 14 मे 1960 ला अंकलेश्वरला तेल लागलं. त्या विहिरीला नेहरूंनी ‘वसुधारा’ म्हटलं. मे 1963 मध्ये त्यांच्याच हस्ते कोयालीला रिफायनरीची पायाभरणी झाली, रशियनांच्या मदतीने. 1965 च्या ऑक्टोबरात ती चालू झाली. बाजूला खताचा कारखाना आला, मग आयपीसीएल. माझं म्हणणं असं आहे की बडोद्याचा मराठी समाज 1960 नंतर इथे टिकला तो गायकवाडांच्या पुण्याईइतकाच या तेलामुळे टिकला. याचं श्रेय आपल्या स्मरणिकांमध्ये कधी दिलेलं मी पाहिलं नाही. राजवाडा, कीर्तिमंदिर, न्यायमंदिर यांच्यावर पानंच्या पानं असतात, कोयालीवर ओळ नाही.

अण्णांना रशियन इंजिनिअरांकडून शिकलेले पाच-सहा शब्द अजून येतात. नातीने चहा आणून दिला की ‘स्पासिबा’ म्हणतात. मांजलपूरचं घर, माझ्या नणंदेचं लग्न, ह्यांचं शिक्षण, सगळं त्या पगारावर झालं.

आता ॲस्ट्रा. ह्यांचं मकरपुरा जीआयडीसीत छोटं वर्कशॉप. 1998 साल बरं गेलं आणि ह्यांनी एकदम ॲस्ट्रा आणली. तोवर आमच्याकडे स्कूटर आणि मग एक सेकंडहँड फियाट, एवढीच मजल. ॲस्ट्रा म्हणजे त्या काळात साहेबाची गाडी. आतला एसी, जाड दरवाजा, दार लावल्यावरचा तो ‘धप्’ आवाज. मी नाशिकची, लग्न होऊन आलेली. माहेरी ती गाडी घेऊन गेले तेव्हा गल्लीतली पोरं हात लावून बघत होती. अण्णांना त्या गाडीचा वेगळाच अभिमान. गाडी जर्मन ब्रँडची, पण बनली हालोलला, आपल्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, आणि पेट्रोल कोयालीचं. ‘सगळं घरचं आहे,’ असं पाहुण्यांना सांगायचे.

हालोलचा तो कारखाना मूळ हिंदुस्तान मोटर्सचा. 1994 मध्ये त्यांनी जनरल मोटर्सशी भागीदारी केली, 1996 पासून तिथून ॲस्ट्रा निघू लागली. पुढे ओपेल कोर्सा, मग शेवरोले. 2017 मध्ये तो बंद झाला तेव्हा ह्यांच्या ओळखीतली काही माणसं घरी बसली, पन्नाशीच्या आतली. त्याच वर्षी एमजीने तो कारखाना घेतला. नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसचं, मालकी चिनी, आणि आता त्यात जिंदालांचा जेएसडब्ल्यू समूहही आहे. 2020 च्या जानेवारीत त्यांनी झेडएस ईव्ही बाजारात आणली. आमची नवी गाडी तीच, पुढची आवृत्ती, 50.3 युनिटच्या बॅटरीची. म्हणजे ज्या आवारातून ॲस्ट्रा आली, त्याच आवारातून ही.

पण हे अण्णांना सांगून उपयोग झाला नाही. ह्यांनी जेवताना विषय काढला तर अण्णा म्हणाले, ‘ज्याचं मीठ खाल्लं त्याचं नाव गाडीवरून पुसायचं म्हणता. पुसा.’ आणि ताटावरून उठले. पंच्याऐंशी वर्षांचा माणूस. पुढचे आठ दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत, निरोप माझ्यामार्फत. मुलगी पुण्याहून फोनवर आजोबांना प्रदूषण वगैरे समजावत होती, तेव्हा त्यांनी तिला धुवारणची गोष्ट ऐकवली. खंभातजवळचं ते वीजकेंद्र रिफायनरीचंच जड तेल जाळायचं. ‘तुझे बाबा ज्या दिव्याखाली अभ्यास करायचे ना, तोसुद्धा तेलावरच पेटायचा. वीज काय आभाळातून पडते?’

मला तो प्रश्न रास्त वाटला. ह्यांना राग आला, पण मी अण्णांना म्हटलं, तुम्हीच हिशोब करून दाखवा. बसले मग, कालनिर्णयच्या मागच्या पानावर. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा. ॲस्ट्रा शहरात लिटरला अकरा किलोमीटर द्यायची. विजेची गाडी युनिटला साडेसहा-सात म्हणजे नऊ युनिटला साठ. ‘पण ही लबाडी आहे,’ म्हणाले, कारण वणाकबोरीला कोळसा जाळून वीज करताना दोन-तृतीयांश उष्णता वायाच जाते. म्हणजे नऊ युनिट विजेमागे कोळशातले सव्वीस-सत्तावीस जळतात. तेवढी ऊर्जा पेट्रोलात घेतली तर तीन लिटर, ॲस्ट्रा बत्तीस-तेहेतीस किलोमीटर जाईल. बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘तरी जवळजवळ निम्म्यातच होतंय.’ खाली रेघ मारून सही केली, ऑफिसात करायचे तशी. तो कागद मी जपून ठेवलाय.

त्यात सामियालाजवळ कालव्यावर सोलर पॅनल आहेत, दहा मेगावॅटचे, 2015 मध्ये बान की-मून आले होते उद्घाटनाला. ते धरलेच नव्हते. धरू दिलेही नाहीत, ‘रात्री चार्जिंग करणार ना तुम्ही?’ म्हणून.

गाडीबद्दल थोडं, कारण इनबॉक्समध्ये विचारतात. महिन्याला हजारेक किलोमीटर, दीडशे युनिट. मुंबई एका चार्जमध्ये होत नाही, वापीच्या आसपास पाऊण तास थांबतो, तोवर डबा खाऊन होतो. भरूचला 2017 आधी नर्मदेच्या पुलावर जे तासन्‌तास अडकायचो, त्या काळात ही हवी होती. इंजिन चालू ठेवून एसीसाठी पेट्रोल जाळलेलं आठवतं. मात्र एक स्पष्ट सांगते. आमच्या घराला स्वतःचं पार्किंग आहे म्हणून हे जमलं. दांडिया बाजारच्या जुन्या वाड्यात राहिलो असतो तर चार्जरची वायर कुठून काढली असती? जिना तीन फुटी आणि खाली दुसऱ्याची दुचाकी. सोसायट्यांमध्येही परवानगीवरून भांडणं चालू आहेत. तेव्हा सगळ्यांनी घ्याच, असं मी म्हणणार नाही.

ॲस्ट्रा न्यायला माणूस आला त्या दिवशी अण्णा बाहेर आले नाहीत. खोलीतून दार लावल्याचा आवाज मात्र ऐकला असणार. नवीन गाडीत पहिल्यांदा बसले ते दसऱ्याला. पाचेक मिनिटं गप्प होते. मग ह्यांना विचारलं, ‘चालू आहे ना?’ सुरसागरला एक फेरी मारली. परत येताना कोयालीच्या रस्त्याने जाऊ म्हणाले. रिफायनरीच्या गेटाजवळ काच खाली करून थोडा वेळ बसले, वासाला असेल कदाचित. सिक्युरिटीवाला पुढे आला तर त्याला सांगितलं, ‘एम्प्लॉयी आहे, जुना.’

ज्यांच्या घरी कोयाली, खत कारखाना किंवा आयपीसीएलचे 1960-70 मधले फोटो, ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या असतील त्यांनी कमेंटमध्ये टाका. अण्णांना मोठ्या अक्षरात करून दाखवते.