चांद्याचा उठाव व त्याची राजकीय स्मृती

चांद्याचा उठाव : (१८५८). तत्कालीन चांदा जिल्ह्यातील (सध्याचे चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे) गोंड जमीनदारांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध केलेला सशस्त्र उठाव. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर हा मुलूख इंग्रजांकडे आला. मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबुराव शेडमाके (१८३३–५८) यांनी मार्च १८५८ मध्ये गोंड व रोहिले यांची फौज जमवून राजगड परगण्यावर हल्ला केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी तारखात्याच्या तळावर झालेल्या हल्ल्यात गार्टलँड व हॉल हे इंग्रज कर्मचारी ठार झाले. अखेर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांनी सप्टेंबरमध्ये बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटरावांची जप्त झालेली ६७ गावे लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळाली.

ब्रिटिश कागदपत्रांत बाबुरावांचा उल्लेख लुटारू म्हणून येतो. लोकस्मृतीत मात्र ते अजिंक्य वीर ठरले. ताडवा ही बांबूच्या बेटातील अळंबी खाल्ल्यामुळे फाशीचा दोर वारंवार तुटला, अशी आख्यायिका प्रचलित आहे.

या स्मृतीवर पुढे अनेकांनी हक्क सांगितला. राष्ट्रीय पक्षांच्या दृष्टीने बाबुराव हे १८५७ च्या स्वातंत्र्यसमराचे हुतात्मे होत. २००९ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही निघाले. स्वतंत्र गोंडवाना राज्याची मागणी करणारे गट त्यांना गोंड राज्याचे रक्षणकर्ते मानतात. आदिवासी बंडांचा वारसा माओवाद्यांनीही सांगितला असून बस्तरचा १९१० चा भूमकाल ते आपल्या परंपरेत गणतात. अहेरीच्या राजघराण्याचे राजकीय वजनही टिकून राहिले. विश्वेश्वरराव आत्राम १९७७ मध्ये चंद्रपूरहून लोकसभेवर निवडून आले आणि पुढे या घराण्यातील व्यक्तींनी निरनिराळ्या पक्षांतर्फे विधानसभा गाठली.

प्रत्येक पक्ष उठावातील सोयीचा तेवढा भाग उचलतो. राष्ट्रीय कथनात जमीनदारी हक्कांचा प्रश्न दुय्यम ठरतो, तर गोंड अस्मितेच्या कथनात रोहिल्यांचा सहभाग मागे पडतो. मतांसाठी गोंड समाजाची एकजूट गृहीत धरणाऱ्या सर्वांनाच लक्ष्मीबाईंची भूमिका अडचणीची वाटते. वस्तुतः नव्या सत्तेशी लढावे की जुळवून घ्यावे, या प्रश्नावर गोंड जमीनदारांतच फूट पडली होती. उठावाच्या अपयशाचे ते एक प्रमुख कारण होय. गौरवगाथांत नेमके तेच वगळले जाते.