हंगामाचें घर आणि धामापूरचें तळें

घर विकत घ्यावयाचें परंतु त्यांत राहावयाचें नाहीं. तें नीटनेटकें करून चार रात्रींच्या पाहुण्यास भाड्यानें द्यावयाचें व त्यावर उत्पन्न काढावयाचें, हा व्यवहार आज मालवणच्या किनाऱ्यावर बराच रूढ झाला आहे. तो सर्वस्वीं नवा आहे अशी सामान्य समजूत दिसते. वस्तुतः महाराष्ट्रांत त्यास जवळजवळ दोनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांत धामापूरसारख्या गांवास शिकण्याजोगें पुष्कळ आहे.

सन १८२८-२९ च्या सुमारास मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन महाबळेश्वरास थंड हवेचें ठाणें वसविलें. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांच्या दृष्टीस माथेरान पडलें आणि १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी वर चढूं लागली. या ठिकाणीं बंगले बांधणारे बहुतेक दूर शहरांत राहणारे. स्वतः येणें झालें नाहीं, तर ते बंगला हंगामापुरता दुसऱ्यास भाड्यानें देत. पावसाळा तोंडावर आला कीं महाबळेश्वरीं घरांच्या भिंती गवतानें झांकावयाच्या, घर माळ्याच्या हवालीं करावयाचें व आपण खालीं उतरावयाचें, असा परिपाठ होता. मालक दूर, राहणारा चार दिवसांचा, आणि डोंगरावरील मूळचा रहिवासी हमाल, घोडेवाला किंवा माळी, ही वांटणी तेव्हांच ठरून गेली.

कोंकणांत घराची कल्पना याहून निराळी होती. येथील माणूस पोटासाठीं मुंबईच्या गिरणींत गेला, तरी घर त्यानें मोडलें नाहीं. वर्षभर त्यास कुलूप असे, परंतु चतुर्थीस चाकरमानी आला म्हणजे माजघरांत दिवा लागे व पडवींत भावकी जमे. तें घर उत्पन्नासाठीं नव्हतें. आपण कोठले, या प्रश्नाचें तें उत्तर होतें. १९८२ च्या गिरणीसंपानें अनेकांचा मुंबईंतील आधार तुटला, त्या वेळीं पाठ टेकावयास हेंच घर उरलें. याच कारणानें सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एकेका जमिनीस आजहि चुलत्यापुतण्यांचीं पुष्कळ नांवें आढळतात.

१९८१ सालीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि १९९७ सालीं तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्णपणें सुरू झाली. २०२१ सालीं चिपीस विमान उतरलें. या काळांत पर्यटन महामंडळाची निवास व न्याहारीची योजना किनाऱ्यावर रुजली. ज्याचें घर त्यानेंच आपल्या राहत्या घरांतील कांहीं खोल्या पाहुण्यांस द्याव्या व त्यांस न्याहारी करून घालावी, असा तिचा आशय. महाबळेश्वरची वांटणी येथें उलटली. मूळचा रहिवासी यजमान झाला व पैसा त्याच्याच चुलीपाशीं राहिला.

आतां तिसरा प्रकार आला आहे. शहरांतील गृहस्थ येथें जमीन किंवा जुनें घर घेतो व तें रात्रींच्या हिशेबानें लावतो. १९४८ च्या कुळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें शेतकरी नसलेल्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. तथापि अडचण कायद्यापेक्षां हिशेबांत अधिक आहे. पावसाळ्यांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद होतात, समुद्र खवळतो आणि पाहुणा फिरकत नाहीं. बारा महिन्यांचा खर्च आठ महिन्यांत काढावयाचा, आणि उरलेल्या चार महिन्यांत चिऱ्याच्या भिंतींस शेवाळ चढतें व वाशांस वाळवी लागते. कोंकणी घरास माणसाची ऊब लागते. कौलें वेळच्या वेळीं शाकारलीं नाहींत, तर दोन पावसांत घर बसतें.

याहूनहि मोठी गोष्ट पाण्याची. घेणारा खरेदीखतांत भिंती व झाडें लिहून घेतो. परंतु पाहुणा ज्यासाठीं येतो, तें त्या खतांत कोठेंच नसतें. धामापूरचें तळें विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनीं १५३० सालीं बांधविलें असें सांगतात. दोन डोंगरांमध्यें बांध घालून अडविलेल्या या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेती पिकली. मालवण शहरास नळानें जाणारें पाणीहि याच तळ्याचें. २०२० सालीं आंतरराष्ट्रीय सिंचन व निःसारण आयोगानें त्याची गणना जागतिक वारसा सिंचनस्थळांत केली. तळें कोणा एकाचें नसल्यामुळेंच तें इतकीं वर्षें टिकलें.

जेथें पाणी अधिकच दुर्मिळ, तेथील लोकांसहि हा प्रश्न सुटला नाहीं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांतील पाम स्प्रिंग्ज या गांवीं अशीं भाड्याचीं घरें इतकीं वाढलीं कीं, २०२२ सालीं नगरसभेस एका वस्तींतील २० टक्क्यांहून अधिक घरांस नवा परवाना द्यावयाचा नाहीं, असा निर्बंध घालावा लागला. शेजारीं कोण राहतो हेंच कळेनासें झालें, कीं वस्तीचें गांवपण जातें, हें त्यांस अनुभवानें कळलें.

बाहेरच्यानें कोंकणांत घर घेऊंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पडक्या घरास कोणी वर्षभर नांदतें ठेवील, गड्यास पावसाळ्यांतहि वेतन देईल व विहिरीचें पाणी शेजाऱ्यास विचारून उपसील, तर गांव त्यास परका मानणार नाहीं. प्रश्न मालकाच्या गांवाचा नसून, घेतलेलें परत करण्याच्या वृत्तीचा आहे.

धामापुरास तळ्याकांठच्या भगवतीविषयीं एक जुनी कथा सांगतात. गरिबाघरीं लग्न निघालें म्हणजे फुलांचे दागिने करून परडी पाण्यांत सोडावयाची; देवी सोन्याचे दागिने देई, व कार्य उरकल्यावर ते परत करावयाचे. पुढें कोणा एकास लोभ सुटला, त्यानें दागिने घरींच ठेवले, आणि त्या दिवसापासून परडी रिकामीच येऊं लागली. कथेंत देवीनें कोणास शाप दिला नाहीं. तिनें देणें तेवढें थांबविलें. तळ्याकांठीं जमीन पाहावयास येणाऱ्यानें भावाची चौकशी करण्यापूर्वीं ही कथा एकदां ऐकून घ्यावी.