नीलजिव्हेची कुळकथा

खामगावात व्याख्यानाला उभे राहायचे आणि कापूस सोडून मेंढरांविषयी बोलायचे, हे धाडसच म्हटले पाहिजे. पण पऱ्हाटी उपटून झाली की याच काळ्या रानात कळप बसवतात आणि त्या खतावर पुढचे पीक उभे राहते. तेव्हा मेंढरू दगावले तर तोटा एकट्या धनगराचा नसतो.

पावसाळ्यात व त्यानंतर चिलटे माजली, की मेंढीला ताप भरतो, नाक गळू लागते, ओठ सुजतात, ती लंगडते. एखादीची जीभ निळी पडते. नीलजिव्हा हे नाव त्यावरूनच पडले. या रोगाची भारतातील पहिली नोंद सप्रे यांनी १९६४ साली केली, ती आपल्या महाराष्ट्रातील शेळ्यामेंढ्यांत.

लक्षणांवरून रोगाचे नाव सांगता येते. त्याचे घराणे मात्र सांगता येत नाही. आणि खरी अडचण तिथेच आहे. या विषाणूचे वीसाहून अधिक प्रकार आहेत आणि एकावरची लस दुसऱ्याला सहसा रोखत नाही. विषाणूची सारी जनुके रिबोन्यूक्लिइक आम्लाच्या दहा तुकड्यांत असतात. त्यांची प्रतिकृती करून अक्षरे वाचली, म्हणजे दुसऱ्या तुकड्यावरून प्रकार कळतो. बाकीचे तुकडे वाचल्यावर आणखीच गंमत दिसते. एकाच मेंढीत दोन प्रकार शिरले तर ते तुकड्यांची अदलाबदल करतात. दोन वाणांची सरकी मिसळावी तसा हा प्रकार, फक्त येथे मिसळ होते ती प्रत्येक दाण्याच्या आत.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भारतातील दहाव्या प्रकाराच्या एका विषाणूचे सर्व तुकडे तपासले गेले. ते अमेरिकेतील लशीच्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळले! आपल्या पूर्वेकडील विषाणूंचे वळण निराळे असते. इतके साम्य वाऱ्यावर आलेल्या चिलटांच्या माथी मारता येणार नाही. यात कोठेतरी माणसाचा हात आहे, असेच मानावे लागते. दुबळा केलेला का होईना, जिवंत विषाणू टोचला की चिलटे तो पुढे नेऊ शकतात.

पुढे भारतात जी लस निघाली तीत १, २, १०, १६ आणि २३ असे पाच प्रकार घेतले आहेत. दहावा त्यात आहेच. मात्र या वेळी तो मारून घातलेला आहे.