मोठी चाके, रुंद टायर आणि टपावरचे ओझे

नवी एसयूव्ही दारात येते, हार-नारळ होतो आणि आठवडाभरात मालकाची पावले पुण्यात नाना पेठेकडे, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडकडे वळतात. कंपनीने दिलेली चाके त्याला बारीक वाटू लागलेली असतात. दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती इंची टाकायची?' गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार, तिच्यात किती माणसे बसणार, टपावर काय चढणार, याची चौकशी सहसा होत नाही. चाके, टायर आणि टपावरचे कॅरिअर या तिन्ही वस्तू वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या हौसेपोटी घेतल्या जातात. गाडीच्या दृष्टीने मात्र तिन्हींचा हिशेब एकच आहे. किती वजन, किती उंचीवर आणि कशाच्या आधारावर, एवढाच तो हिशेब.

या हिशेबाचा कंपनीने मांडलेला ताळेबंद बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर एका छोट्या पट्टीवर छापलेला असतो. टायरचा आकार, पुढची-मागची हवा आणि अनेकदा वजनाची मर्यादाही तेथे दिलेली असते. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी या पट्टीचे छायाचित्र काढून ठेवावे.

टायरवरील आकड्यांची भाषा

'२३५/६५ आर १७' हा आकार उदाहरणादाखल घेऊ. महिंद्रच्या एक्सयूव्ही ५०० वर तो येत असे. २३५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, 'आर' म्हणजे रेडियल आणि १७ हा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केल्यास या टायरची बाजूची भिंत सुमारे १५३ मिलिमीटर आणि संपूर्ण चाकाचा व्यास ७३७ मिलिमीटर भरतो. आता रिम १८ इंची घ्यायची असेल तर २५५/५५ आर १८ या टायरचा व्यास ७३८ येतो. २० इंचीचा हट्ट असेल तर २५५/४५ आर २० चाही ७३८ च येतो. म्हणजे रिम तीन इंचांनी वाढली तरी चाकाची बाहेरची उंची जवळपास तीच राहू शकते. त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि गिअरचे गणितही ढळत नाही.

मग बदलते काय? रबराची भिंत. १५३ ची १४० आणि तीच पुढे ११५ होते. रस्त्यावरचा खड्डा सर्वप्रथम सोसते ती ही भिंत. ती आखूड झाली की खड्ड्याच्या कडेवर टायर चेपून थेट रिमला भिडतो. दोहोंमध्ये सापडलेल्या टायरच्या आतील धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो टाकून द्यावा लागतो. गुळगुळीत महामार्गावर आखूड भिंतीचा टायर वळणावर गाडी छान धरतो, हे खरे. पण ज्याला दर आठवड्याला गावचा रस्ता गाठायचा आहे, त्याने २० इंची चाकांच्या मोहात पडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा मोह याच्या नेमका उलट, म्हणजे रिम तीच ठेवून टायर उंच घेण्याचा. २३५/६५ आर १७ च्या जागी २६५/७० आर १७ चढवला तर व्यास ८०३ मिलिमीटर होतो, म्हणजे जवळपास नऊ टक्क्यांनी वाढतो. गाडी जमिनीपासून उचलली जाते ती मात्र व्यासवाढीच्या निम्म्यानेच, सुमारे ३३ मिलिमीटर. त्याची किंमत इतर अनेक ठिकाणी मोजावी लागते. स्पीडोमीटर जेथे पूर्वी खरा वेग दाखवत होता, तेथे आता ८० च्या काट्याला गाडी ८७ ने धावते. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. अशा गाडीचा काटा ११० वर असतानाच ती गाठली जाते. कंपन्या काटा मुळातच थोडा पुढे ठेवतात, त्यामुळे ही चूक काही अंशी झाकली जाते, एवढेच. चाक उंच झाल्याने प्रत्येक गिअर तितकाच लांबतो. भरलेल्या गाडीने वरंध घाट चढताना पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये निघणारे वळण आता दुसऱ्याची मागणी करते. ब्रेक मात्र तेच राहतात आणि त्यांना अधिक उंच, अधिक जड चाक थांबवावे लागते. 'टायर बदलल्यापासून ॲव्हरेज घसरले' ही तक्रार नेहमीची. तिच्यातला काही भाग खरा असतो. काही भाग मात्र केवळ मीटरचा असतो, कारण १०९ किलोमीटर धावल्यावर तो १०० च मोजतो.

कंपन्या स्वतः किती मोकळीक घेतात, हे पाहणे उद्बोधक ठरेल. नाशिकमध्ये तयार होणारी दुसऱ्या पिढीची थार २०२० मध्ये आली तेव्हा तिच्या आवृत्त्यांत २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ असे दोन आकार होते. पहिल्याचा व्यास ७७४, दुसऱ्याचा ७८९ मिलिमीटर. फरक दोन टक्क्यांचा. आपल्याच गाडीच्या वरच्या आवृत्तीत मिळणारा आकार घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. दोन-तीन टक्क्यांपलीकडे जाण्यापूर्वी स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि गाडीत माणसे बसवून टायर कोठे घासतो का, हे पाहिलेच पाहिजे.

टायरच्या आकारानंतर एक आकडा आणि एक अक्षर असते. त्याकडे ग्राहक आणि दुकानदार दोघेही दुर्लक्ष करतात. १०१ म्हणजे एका टायरची भारक्षमता ८२५ किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३०. एस, टी, एच ही अक्षरे अनुक्रमे ताशी १८०, १९० आणि २१० किलोमीटरची कमाल क्षमता सांगतात. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर, तो कितीही रुंद दिसला तरी, घेऊ नये. सात माणसे आणि सामान भरल्यावर मागच्या दोन टायरांवर पुढच्यांपेक्षा बराच अधिक भार येतो, हे येथे ध्यानात घ्यावे. आयएसआय चिन्ह आणि निर्मितीचा आठवडाही पाहावा. '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसणारा पण वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळत असेल, तर त्या स्वस्ताईचे कारण हेच असू शकते.

नक्षी कोणती निवडावी? महामार्गासाठी एचटी, मिश्र रस्त्यांसाठी एटी आणि चिखलासाठी एमटी असे ढोबळ तीन प्रकार आहेत. मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाऊस पडल्यावर एचटी टायरच्या खाचा क्षणात भरतात आणि टायर गोटा झाल्यासारखा जागच्या जागी फिरतो. एमटीच्या मोठ्या गुंड्या चिखल बाहेर फेकतात, म्हणून शेतरस्त्यावर त्याला तोड नाही. पण हाच टायर ओल्या डांबरावर कमी रबर टेकवतो. ब्रेक लावल्यावर त्याच्या उंच गुंड्या वाकतात आणि गाडी थांबायला अधिक अंतर लागते. शिवाय त्याचा घरघराट दिवसभर कानात राहतो. वर्षातून दोनदा ताम्हिणीतून पलीकडे उतरणाऱ्याला एटी पुरेसा आहे.

चाक बसते, पण जुळते का?

अलॉय चाक, ज्याला बाजारात अजूनही 'मॅगव्हील' म्हणतात, ते पोलादी चाकाच्या तुलनेत देखणे आणि बहुधा हलके असते. मात्र मोठ्या आदळ्याला पोलादी रिम वाकते आणि हातोड्याने कामचलाऊ सरळ करता येते. ओतीव अलॉयला तडा जातो. तडा गेलेले चाक वेल्डिंग करून पुन्हा वापरण्याची सोय गल्लोगल्ली मिळते. ती घेऊ नये.

चाक जुळण्यासाठी चार मापे लागतात. पहिले नटांच्या वर्तुळाचे, म्हणजे पीसीडीचे. टोयोटा फॉर्च्युनरला सहा नट १३९.७ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात, इनोव्हाला पाच नट ११४.३ च्या वर्तुळावर. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांची चाके एकमेकींना चालत नाहीत ती यामुळे. दुसरे माप मधल्या भोकाचे. ते हबपेक्षा मोठे असेल तर चाक नटांच्या आधाराने बसते खरे, पण किंचित जरी केंद्र सोडून बसले तरी वेगात स्टिअरिंग थरथरते. यावर योग्य मापाची कडी मिळते, ती बसवून घ्यावी. तिसरे रिमची रुंदी, ती टायरच्या रुंदीला साजेशी हवी. चौथे माप ऑफसेटचे आणि खरी फसगत येथेच होते. रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती आत-बाहेर आहे, ते हे माप. ऑफसेट कमी केला की चाके बाहेर येतात, गाडी रुबाबदार दिसते आणि त्याच वेळी बेअरिंगवरचा जोर वाढतो, खड्ड्यात स्टिअरिंग हातातून ओढले जाते, उडालेले खडे थेट दारांवर बसतात. हब आणि चाक यांच्यामध्ये चकती घालून तोच परिणाम साधणे हा तर निव्वळ आडमार्ग. नटांचे बसण्याचे टोक शंकूच्या आकाराचे आहे की गोलाकार, हेही चाकानुसार बदलते. जुने नट नव्या चाकाला चालतीलच असे नाही. नवी चाके बसवल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा योग्य जोराने आवळून घ्यावेत.

स्टेपनीचे काय करायचे, हा प्रश्न शेवटी आठवतो. चार टायर उंच घेतले आणि पाचवा जुनाच राहिला, तर पंक्चरच्या वेळी एकाच धुरीवर दोन व्यासांची चाके येतात. साध्या गाडीत डिफरन्शिअल ते थोडे अंतर सोसतो. फोर व्हील ड्राइव्ह जोडलेले असेल तर मात्र पुढच्या-मागच्या धुरीतला फरक सामावायला कोठेच जागा उरत नाही आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. मोठी स्टेपनी मागच्या दारावर टांगली तर बिजागऱ्यांवर वाढणारे वजन वेगळेच.

टपावरचे ओझे

टपावर सामान बांधण्याची आपली परंपरा जुनी आहे. गणपतीला कोकणात निघालेल्या जीपच्या टपावर ट्रंका, वळकट्या आणि मखराचे सामान असे. वडापच्या गाड्यांच्या टपावर तर माणसेही असत. त्या जीपांच्या छताला कडेने पन्हळ असे आणि कॅरिअरचे पाय तिच्यात घट्ट बसत. आजच्या गाड्यांना पन्हळ नसते. कंपनीने दिलेल्या काही रूपेरी दांड्या तर केवळ शोभेच्या असतात आणि गाडीसोबतच्या पुस्तिकेत तसे लिहिलेलेही असते. पुस्तिकेत छतावरील भाराची मर्यादा पाहावी. बहुतेक गाड्यांत ती ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते. या मर्यादेत कॅरिअरचे स्वतःचे वजनही धरलेले असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मर्यादा ७५ किलोंची आणि लोखंडी कॅरिअर ३० किलोंचे असेल, तर सामानासाठी उरतात ४५ किलो. ही मर्यादा धावत्या गाडीची असते. उभ्या गाडीचे छत याहून बरेच अधिक वजन पेलते, म्हणूनच छतावरच्या तंबूत दोघे झोपू शकतात.

मर्यादा एवढी कमी का, याचे उत्तर छताच्या पत्र्यात कमी आणि गुरुत्वमध्यात अधिक आहे. समजा, गाडीचे वजन १९०० किलो आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहे. १९५ सेंटिमीटर उंचीवर १०० किलो चढवले की तो ८१ वर जातो. सहा सेंटिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. चाकांमधील अंतर दीड मीटर धरले, तर ते गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागून येणारा स्थैर्याचा अंक १.०० वरून ०.९३ वर उतरतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २००१ पासून गाड्यांच्या उलटण्याच्या धोक्याचे मानांकन याच अंकावरून सुरू केले. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २००० मध्ये, फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले होते. त्यांतील बरेच फोर्ड एक्स्प्लोरर या एसयूव्हीवर होते. नक्षीचा थर सुटून गाड्या उलटल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे दगावली. त्या प्रकरणात टायरची रचना, कमी हवा, उष्णता आणि उंच गाडी या गोष्टी एकत्र आल्या होत्या. हे टायर गाडीच्या कंपनीनेच निवडलेले होते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

कॅरिअर बसवताना छताला भोके पाडू देऊ नयेत. गंज आणि गळती तर होतेच, शिवाय पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा छताच्या कडेनेच घडी घालून ठेवलेल्या असतात. सामान बांधताना लवचिक दोरीपेक्षा दातेरी पट्टे वापरावेत. जड वस्तू गाडीच्या आत, हलक्या वर. रिकामे कॅरिअर वर्षभर वागवण्यातही अर्थ नाही. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि डिझेलचा खर्च त्यामागोमाग येतो.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार, नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीच्याच पर्यायांतील चाके-टायर घेणाऱ्याला सहसा अडचण येत नाही. बाहेर आलेली चाके, अतिउंच टायर आणि वाढवलेले सस्पेन्शन रस्त्यावर अडवले जाऊ शकते. या दुकानांत सोबत विकला जाणारा पुढचा लोखंडी 'बंपर गार्ड' घेऊ नये. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्रालयाने त्यावर कारवाई करण्यास राज्यांना कळवले आहे.

विमा कंपनीला अलॉय चाके आणि कॅरिअर यांची किंमत कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यावी. नोंद नसलेल्या वस्तूची भरपाई मिळत नाही आणि मोठ्या अपघातात बदलांचा मुद्दा काढून दावाच अडवला जाऊ शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर बेअरिंग किंवा स्टिअरिंगच्या तक्रारीवेळी सर्व्हिस सेंटर प्रथम चाकांकडेच पाहील. दुकानदार जुनी चाके बदल्यात मागतो आणि किमतीत सूट देतो. ती देऊ नयेत. गाडी विकताना किंवा आरटीओपुढे उभी करताना तीच लागतात.