फुटबॉल समर्थकांची घोषगीते : उगम, प्रसार आणि सामूहिक स्मृती – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासलेखनाचा परीघ गेल्या अर्धशतकात राजदरबार व रणभूमी यांपलीकडे विस्तारला आहे. सामान्य माणसाचे श्रम, त्याचे सण, त्याचे मनोरंजन हेही इतिहासाचे विषय मानले जाऊ लागले. असे असले तरी क्रीडांगणावरील प्रेक्षक हा घटक मराठी इतिहासलेखनात बहुतांशी उपेक्षित राहिला आहे. खेळाडूंची चरित्रे लिहिली जातात, सामन्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. मात्र मैदानाच्या कडेला उभे राहून हजारो कंठ एकाच वेळी जे गातात, त्याची दखल घेतली जात नाही. समर्थकांच्या या गायनासाठी मराठीत रूढ संज्ञा नसल्याने प्रस्तुत निबंधात 'घोषगीत' हा शब्द वापरला आहे. त्यात पूर्ण गीत, एखाद्या चालीवर बसविलेली एक-दोन ओळींची ललकारी आणि टाळ्यांच्या ठेक्यावरचा घोष या तिन्हींचा समावेश होतो.

उद्दिष्टे व पद्धती :
घोषगीतांचा उगम कोणत्या परिस्थितीत होतो हे पाहणे, ती एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे कोणत्या मार्गाने जातात याचा शोध घेणे आणि त्यांचा सामूहिक स्मृतीशी असलेला संबंध स्पष्ट करणे, ही प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे आहेत. चाल प्रवास करते, शब्द मात्र स्थानिक मातीत रुजतात, हे येथील गृहीतक होय. अभ्यास ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा असून त्यासाठी निवडक युरोपीय व दक्षिण अमेरिकी उदाहरणांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

१) आरंभीचा काळ :
घोषगीतांची परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. नॉर्विच सिटी या क्लबची स्थापना १९०२ मधील. परंतु त्याचे समर्थक आजही गातात ते 'ऑन द बॉल, सिटी' हे गीत क्लबपेक्षाही जुने मानले जाते. पोर्ट्समथच्या समर्थकांचा प्रसिद्ध घोष तर शहराच्या सभागृहावरील घड्याळाच्या टोल्यांवरून घेतलेला आहे. गावाच्या रोजच्या कानावरचा नाद मैदानात आला आणि त्याचा घोष झाला.
पहिल्या महायुद्धानंतर या प्रवाहास संघटित रूप आले. १९२६-२७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्राच्या पुढाकाराने मैदानांवर समूहगायनाचे कार्यक्रम होत. १९२७ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात 'अबाइड विथ मी' हे ख्रिस्ती प्रार्थनागीत प्रथम गायले गेले व ती प्रथा पुढे टिकली. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या 'द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन' या ग्रंथाने मांडलेली 'घडविलेल्या परंपरे'ची संकल्पना येथे चपखल लागू पडते. वरून दिलेली प्रथा कालांतराने खालून आलेली वाटू लागते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

२) लिव्हरपूलचा 'कॉप' व आधुनिक घोषगीताचा जन्म :
अ‍ॅनफिल्ड मैदानावरील 'स्पायन कॉप' हा उभ्या प्रेक्षकांचा चढ १९०६ मध्ये बांधला गेला. त्याचे नाव दक्षिण आफ्रिकेतील टेकडीवरून पडले. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तेथे झालेल्या लढाईत लँकेशायर परगण्यातील अनेक सैनिक मृत्युमुखी पडले होते. याच लढाईत जखमींना वाहून नेणाऱ्या भारतीय रुग्णसेवा पथकात मोहनदास गांधी होते, ही नोंद भारतीय वाचकास उद्बोधक वाटेल. म्हणजे गायनाची ही जागाच मुळी मृतांच्या स्मरणातून नाव मिळालेली आहे.
१९६० च्या दशकाच्या आरंभी लिव्हरपूल शहर लोकप्रिय संगीताचे केंद्र बनले होते. सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावर त्या आठवड्यातील गाजलेली गीते वाजविली जात व प्रेक्षक ती गात. 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे गीत मूळचे रॉजर्स व हॅमरस्टाइन यांच्या १९४५ च्या 'कॅरोसेल' या अमेरिकी संगीतिकेतील. लिव्हरपूलच्याच 'जेरी अँड द पेसमेकर्स' या वाद्यवृंदाने ते १९६३ मध्ये ध्वनिमुद्रित केले व ते ब्रिटनमध्ये लोकप्रियतेच्या अग्रस्थानी पोहोचले. यादीतून उतरलेली इतर गीते कॉपने सोडून दिली; हे मात्र सोडले नाही. १९६४ मध्ये बी. बी. सी.च्या 'पॅनोरामा' कार्यक्रमाने कॉपच्या गायनाचे चित्रण केले आणि एका शहराची सवय देशाच्या दृष्टीस पडली.
पुढे स्कॉटलंडचा सेल्टिक, जर्मनीचा बोरुसिया डॉर्टमुंड, नेदरलँड्सचा फेयेनूर्ड अशा अनेक क्लबांच्या समर्थकांनी हे गीत स्वीकारले. ते प्रथम कोणी गायले यावरून लिव्हरपूल व सेल्टिक यांच्या समर्थकांत आजही वाद होतो. इतिहासाच्या दृष्टीने या वादाचा निकाल दुय्यम आहे. जे गीत दोघांनीही लिहिलेले नाही त्याची मालकी दोघेही सांगतात, यातच घोषगीताचे मर्म आहे.

३) चालींचे स्थलांतर :
आपल्याकडे चित्रपटगीताच्या चालीवर भजन बसविणे ही परिचित बाब आहे. गाणारा चाल घेतो व शब्द आपले घालतो. घोषगीतांचे शास्त्र याहून वेगळे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील 'बॅटल हिम ऑफ द रिपब्लिक'ची चाल याचे ठळक उदाहरण होय. ही चाल मुळात धार्मिक मेळाव्यांतील. ती सैनिकांच्या कूचगीतात गेली. १८६२ मध्ये ज्युलिया वॉर्ड हाउ यांचे शब्द प्रसिद्ध झाले. पुढे एडिनबरोचा हिबर्निअन, १९६० च्या दशकात लंडनचा टॉटनहॅम हॉट्स्पर, त्यानंतर लीड्स युनायटेड आणि १९८० च्या दशकात मँचेस्टर युनायटेड अशा क्लबांच्या नावांनी ती गायली गेली. परस्परांचे कट्टर प्रतिस्पर्धी असलेले समर्थक एकाच चालीत आपापला गौरव गातात.
या प्रसाराची मुख्य वाट म्हणजे परगावचा सामना. १९९४ मध्ये युरोपीय कप विनर्स चषकाच्या उपांत्य फेरीत आर्सेनलचे समर्थक पॅरिसला गेले. तेथे पॅरिस सेंट-जर्मेनचे समर्थक 'गो वेस्ट' या गीताच्या चालीवर घोष देत होते. १९७९ मध्ये 'व्हिलेज पीपल'ने गायलेले हे गीत १९९३ मध्ये 'पेट शॉप बॉइज'मुळे पुन्हा गाजले होते. आर्सेनलच्या समर्थकांनी ती चाल उचलली व तिच्यावर आपल्या संघाच्या एका गोलाने विजय मिळविण्याच्या ख्यातीचे शब्द बसविले. त्याच वर्षी ४ मे रोजी कोपनहेगन येथे आर्सेनलने पार्माचा खरोखरच १-० असा पराभव केला आणि घोषगीतावर जणू इतिहासाची मोहोर उमटली.
'सेव्हन नेशन आर्मी' या गीताचा प्रवास याहून सुस्पष्टपणे मागे नेता येतो. 'द व्हाइट स्ट्राइप्स' या अमेरिकी जोडीचे हे गीत २००३ मधील. २२ ऑक्टोबर २००३ रोजी बेल्जियमच्या क्लब ब्रुजचे समर्थक ए. सी. मिलानविरुद्धच्या सामन्यासाठी मिलानला गेले असता शहरातील मद्यालयात त्यांनी ते ऐकले. त्यांच्या संघाने १-० असा अनपेक्षित विजय मिळविला व ती सात स्वरांची धून विजयाची आठवण म्हणून बेल्जियमला गेली. १५ फेब्रुवारी २००६ रोजी रोमाचा संघ ब्रुज येथे खेळावयास आला व जिंकला. त्याच्या समर्थकांनी ती धून इटलीत नेली. त्याच वर्षी जुलैमध्ये इटलीने विश्वचषक जिंकला, तेव्हा ती राष्ट्राची धून झाली होती. मे २०१७ मध्ये ट्रॅन्मिअर रोव्हर्स या क्लबच्या मैदानावरील संगीत महोत्सवात तिच्यावर ब्रिटिश मजूर पक्षाचे तत्कालीन नेते जेरेमी कॉर्बिन यांचे नाव गायले गेले. मूळ गीताचे शब्द या प्रवासात कोठेही लागले नाहीत, हे लक्षणीय आहे.
आइसलँडच्या समर्थकांचा टाळ्यांचा गंभीर घोष २०१६ च्या युरोपीय स्पर्धेत जगप्रसिद्ध झाला व त्यास 'व्हायकिंग' हे विशेषण लागले. परंतु २०१४ मध्ये आइसलँडच्या स्त्यार्नन क्लबचा सामना स्कॉटलंडच्या मदरवेलशी झाला होता, तेव्हा मदरवेलच्या समर्थकांकडून तो घेतल्याचे सांगितले जाते. अवघ्या दोन वर्षांत उसनवारीला प्राचीनतेचा मुलामा चढला.

४) सामूहिक स्मृती :
बेनेडिक्ट अँडरसन यांनी 'इमॅजिन्ड कम्युनिटीज' (१९८३) या ग्रंथात एकत्र गायनातून अनोळखी माणसे एका समुदायाचा अनुभव घेतात असे प्रतिपादन केले आहे. अर्जेंटिनाचे उदाहरण याची साक्ष देते. तेथील 'ला मोस्का' या वाद्यवृंदाच्या २००३ च्या गीताची चाल आधी क्लबांच्या समर्थकांनी घेतली. जुलै २०२१ मध्ये अर्जेंटिनाने माराकाना मैदानावर ब्राझीलचा पराभव करून कोपा अमेरिका जिंकल्यानंतर एका शिक्षकाने तिच्यावर नवे शब्द रचले. त्यांत १९८२ च्या माल्विनास युद्धात पडलेले तरुण, २०२० मध्ये निधन पावलेले मॅराडोना आणि मेस्सी हे एकत्र येतात. २०२२ च्या विश्वचषकात हे गीत अर्जेंटिनाच्या समर्थकांचे प्रमुख गीत ठरले. युद्धानंतर जन्मलेली पिढी युद्धातील मृतांची आठवण एका मद्यगीताच्या चालीवर गाते. हे कार्य पाठ्यपुस्तकास क्वचितच साधते.

५) घोषगीताची काळी बाजू :
परंतु स्मृतीच्या याच वाटेने द्वेषही प्रवास करतो. फेब्रुवारी १९५८ च्या म्यूनिक विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडच्या ८ खेळाडूंसह २३ जण मृत्यू पावले. १५ एप्रिल १९८९ रोजीच्या हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलच्या ९७ समर्थकांचा बळी गेला. या दोन्ही दुःखांची विटंबना करणारे घोष प्रतिस्पर्धी समर्थकांनी दिले आहेत. कृष्णवर्णीय खेळाडूंविरुद्धचे वंशद्वेषी घोषही असेच एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर गेले. इंग्लंडमध्ये १९९१ च्या फुटबॉल गुन्हे कायद्याने वंशद्वेषी घोष हा गुन्हा ठरविला. मात्र तो एकाहून अधिक व्यक्तींनी मिळून दिलेला असणे आवश्यक होते. १९९९ च्या दुरुस्तीने एकट्या व्यक्तीचा घोषही कक्षेत आला. दुर्घटनांची विटंबना करणाऱ्या घोषांविरुद्ध २०२३ मध्ये फुटबॉल असोसिएशन व प्रीमियर लीग यांनी कठोर उपाय जाहीर केले.
कायद्याची ही वाटचाल एक मूलभूत प्रश्न उपस्थित करते. समूह गातो तेव्हा उत्तरदायी कोण? घोषगीताचा कर्ता निनावी असतो, ही लोकपरंपरेची शोभा मानली जाते. तेच निनावीपण अपराध्याचे कवचही ठरते. घोषगीतांचा गौरव करणाऱ्या अभ्यासकाने ही दुसरी बाजू वगळल्यास त्याचे लेखन इतिहास न राहता स्तुती होते.

निष्कर्ष :
१) घोषगीताची निर्मिती शून्यातून होत नाही, प्रार्थना, कूचगीत, संगीतिका, लोकप्रिय गीत अशा उपलब्ध चालींचा समूहाकडून पुनर्वापर होतो.
२) प्रसारासाठी दोन समूहांची प्रत्यक्ष भेट हा निर्णायक घटक आहे, प्रसारमाध्यमे त्या प्रसारास वेग देतात.
३) संस्मरणीय विजयाशी जोडली गेलेली चाल टिकते. चालीचे माधुर्य हे त्याचे पुरेसे कारण नव्हे.
४) प्रतिस्पर्ध्याकडून घेतलेली चाल अल्पावधीत 'आपली प्राचीन परंपरा' म्हणून मिरविली जाते. शुद्ध स्थानिक परंपरेचा दावा म्हणूनच तपासून पाहावा लागतो.
५) घोषगीत दुःखाचे जतन करते, तसेच त्याची विटंबनाही करते, दोहोंचा मार्ग एकच आहे.

समारोप :
महाराष्ट्रात कोल्हापूर येथे पेठा व तालमींच्या नावांनी उभे असलेले फुटबॉल संघ, छत्रपती शाहू स्टेडियमवरील त्यांचे सामने व त्यांचे निष्ठावान समर्थक ही समृद्ध परंपरा आहे. तेथे कोणत्या चाली ऐकू येतात, त्या कोठून आल्या आणि एका तालमीची ललकारी दुसरीकडे कशी जाते, याची पद्धतशीर ध्वनिनोंद होणे अगत्याचे आहे. लिखित साधने पुराभिलेखागारात सुरक्षित राहतात. कंठातील साधने मात्र गाणाऱ्या पिढीबरोबर लोप पावतात. महाविद्यालयीन इतिहास विभागांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे कार्य हाती घेतल्यास मौखिक इतिहासाचे एक मोलाचे दालन मराठीत खुले होईल.