गॅलरीतला देश आणि गोंडल

मी सातवीत होतो तेव्हा आमच्या गॅलरीत एक देश होता. फरशीच्या फटी म्हणजे नद्या, चपलांच्या स्टँडखाली राजधानी, प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक म्हणजे फौज आणि सोड्याच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे प्रजा. मे महिन्यात आतेभाऊ राहायला आला. त्यानं दाराआडून माझं पुटपुटणं ऐकलं आणि रात्री जेवताना सगळ्यांसमोर माझी हुबेहूब नक्कल केली. सगळे हसले, आईसुद्धा. "घोडा झालाय, तरी खेळण्यांत जीव," आजी म्हणाली. मायेनंच म्हणाली असेल, पण दुसऱ्या दिवशी तो देश बुटांच्या खोक्यात गेला.

आता मी अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि दिवसभर कोड लिहितो. ते खोकं मला आठवलं ब्राँटे भावंडांमुळे. 'जेन एअर' आणि 'वदरिंग हाइट्स' या कादंबऱ्यांची नावं तुम्ही ऐकली असतील, सिनेमेही पाहिले असतील. त्या लिहिणाऱ्या बहिणी किती वर्षांच्या होईपर्यंत खेळत होत्या, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

जून 1826. इंग्लंडमधलं यॉर्कशर, हॉवर्थ गाव. पाद्री असलेल्या पॅट्रिक ब्राँटेंनी लीड्सहून मुलासाठी लाकडी सैनिकांचा एक डबा आणला. ब्रॅनवेल नऊ वर्षांचा व्हायचा होता, शार्लट दहाची, एमिली सातची, ॲन सहाची. शार्लटनं झडप घालून एक सैनिक उचलला आणि हा माझा ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जाहीर केलं. ब्रॅनवेलचा झाला बोनापार्ट. इथपर्यंत कुठल्याही घरात होतं तेच. पण या घरात आई 1821 मध्ये गेली होती आणि मारिया, एलिझाबेथ या दोन मोठ्या बहिणी 1825 मध्ये, शाळेतून आजारी होऊन आल्यावर. त्यामुळे खेळाचा एक नियम वाचताना मी थांबलो. चौघं भावंडं या सैनिकांचे 'जिन' होती आणि लढाईत मेलेल्या सैनिकाला जिन पुन्हा जिवंत करू शकत.

सैनिक आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले, त्यांनी 'ग्लास टाउन' वसवलं. मग त्या शहराला वाचायला काही नको का? म्हणून मुलांनी सैनिकांच्या मापाची मासिकं काढली. कागदाचे तुकडे शिवून केलेली, काडेपेटीहून लहान, छापील वाटावं अशा बारीक अक्षरातली. मोठ्या माणसांना ते अक्षर लागायचं नाही, ही सोयच. शार्लटनं 1830 मध्ये केलेल्या अशा एका अंकात वीस पानांत चार हजारांवर शब्द आहेत. हॉवर्थच्या ब्राँटे म्युझियमनं तो 2019 मध्ये पॅरिसच्या लिलावात सहा लाख युरोंना विकत घेतला.

खेळ पुढे फुटला. शार्लट आणि ब्रॅनवेलचं 'अँग्रिया' झालं. धाकट्या दोघींनी वेगळी चूल मांडून 'गोंडल' नावाचं बेट काढलं. (गुजरातेतल्या गोंडलशी संबंध नाही, मीही आधी तेच गूगल केलं होतं.) वयं वाढली तरी कुणी थांबलं नाही. एकोणीस वर्षांची शार्लट शाळेत शिक्षिका झाली. डोळे मिटून अँग्रियात शिरलं की कुणी मुलगी वही घेऊन समोर उभी राहायची. त्या मुलींच्या नावानं तिनं कागदावर केलेली चडफड आजही वाचता येते. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून भलत्याच जगात गेलेल्यांना ती लगेच कळेल.

मग तिला हसणारं नव्हे, पण समजावणारं माणूस भेटलं. तिनं राजकवी रॉबर्ट साउदींना कविता पाठवल्या होत्या. मार्च 1837 मध्ये उत्तर आलं: साहित्य हा बाईच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, आणि अशा दिवास्वप्नांची सवय लागली तर मन बिघडेल. तिनं ते पत्र जपून ठेवलं. दोनेक वर्षांनी अँग्रियाला निरोप देणारं एक पानही लिहिलं. साउदींमुळेच, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या जेवणाच्या टेबलावरचं ते हसू आणि हे सभ्य पत्र मला एकाच जातीचं वाटतं.

एमिलीनं निरोप दिला नाही. जून 1845 च्या शेवटी ती आणि ॲन यॉर्कला फिरायला गेल्या. एक सव्वीस वर्षांची, दुसरी पंचवीस. सगळ्या प्रवासात दोघी गोंडलमधली पात्रं होऊन बोलत होत्या, राजमहालांतून पळून राजनिष्ठांच्या फौजेला मिळायला निघालेली पात्रं. महिन्याभरानं दोघींनी, दर काही वर्षांनी लिहायच्या तशा, दिनचर्येच्या चिठ्ठ्या लिहिल्या. गोंडल पूर्वीइतकंच भरभराटीत आहे, असं एमिलीनं आनंदानं नोंदवलं. त्याच सुमाराच्या चिठ्ठीत ॲन म्हणते की गोंडलची मंडळी हल्ली खेळायला फारशी रंगात नाहीत. प्रवास एकच, आगगाडी एकच. एक बहीण अजून बेटावर होती आणि दुसरी बहुधा तिचं मन राखत होती. आतेभावाच्या नक्कलेपेक्षा मला ॲनची ही ओळ जास्त लागली.

त्याच वर्षी शरद ऋतूत शार्लटला एमिलीच्या कवितांची वही सापडली. न विचारता वाचली म्हणून एमिली भयंकर संतापली, तिची समजूत काढायला दिवस लागले. 1846 मध्ये तिघींच्या कविता टोपणनावांनी छापून आल्या. छापताना एमिलीच्या कवितांमधून गोंडलची नावं, ठिकाणं काढून टाकलेली होती. आता त्या कुठल्याही गंभीर कवीच्या वाटत होत्या. पुस्तकाच्या दोन प्रती खपल्या. पुढच्या वर्षी 'वदरिंग हाइट्स' आली आणि डिसेंबर 1848 मध्ये, तिसाव्या वर्षी, एमिली क्षयानं गेली.

गोंडलच्या कविता उरल्या. पण दोघी बहिणींनी त्या बेटाचा गद्य इतिहासही लिहिला होता, आणि त्याचं एकही पान सापडलेलं नाही. चिठ्ठ्या मात्र वाचल्या. घड्या घालून एका छोट्या पत्र्याच्या डबीत ठेवलेल्या होत्या, त्या शार्लटच्या नवऱ्याकडे 1895 मध्ये निघाल्या.

मागच्या आठवड्यात आईला फोन करून बुटांच्या खोक्याचं विचारलं. "कुठलं खोकं?" ती म्हणाली. मग जरा थांबून, "ते झाकणांचं? तू रात्री त्यांना हजेरी घ्यायचास ते?"

मला वाटलं होतं, हजेरीचं कुणालाच माहीत नाही.